ईएक्सटीसीच्या मुलांना सीआरओ हाताळू द्या

महोदय,

'कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) घेतलं,' हे वाक्य इंजिनीअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाल्यापासून लोकलमध्ये, सोसायटीत रोज कानावर पडतं आणि दरवेळी वाईट वाटतं. गेली २२ वर्षं मी मुंबईतल्या रुग्णालयांमधली ईसीजी यंत्रं आणि मॉनिटर दुरुस्त करतो. या विषयानेच मला पोटाला लावलं.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा मुलाखतीला आला. बीई, फर्स्ट क्लास. मी त्याच्यापुढे जुन्या मॉनिटरचा पॉवर सप्लाय बोर्ड ठेवला. ७८०५ रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीमधून, ५ व्होल्ट यायला हवेत, मल्टीमीटर ४.३ दाखवत होता. मुलगा म्हणाला, आयसी गेलाय, बदलू या. बदलला. पुन्हा ४.३. खरं दुखणं रेग्युलेटरच्या आधी होतं. व्होल्टेजमधले चढउतार सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला होता, त्याचं डोकं वर फुगलेलंही दिसत होतं. ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट तरी लागतात आणि इथे सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज त्याच्या खाली जात होतं. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याला हे खड्डे दिसत नाहीत. सीआरओवर, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, ते लगेच दिसतात. रिपल फॅक्टरचं (या चढउतारांच्या प्रमाणाचं) सूत्र त्या मुलाने कागदावर अचूक लिहिलं, पण सीआरओचा प्रोब हातात दिल्यावर तो थबकला. म्हणाला, ''सर, कॉलेजात सीआरओ मास्तरच लावायचे. आम्ही रीडिंग उतरवून घ्यायचो.''

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला नोकरीवर घेतलं, आज तो एकटा कॉलवर जातो. पण जे चार वर्षांत व्हायला हवं होतं, ते आम्हाला सहा महिने बसून करून घ्यावं लागलं. त्याच्या कॉलेजात एका टेबलाशी पाच-सहा जण असायचे आणि चार वाजले की लॅबला कुलूप. जर्नल मात्र प्रत्येकाचं पूर्ण, सह्यांसकट! शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवरून तयार आणलेला. वास्तविक याच रस्त्यावर मी विद्यार्थी असताना दर शनिवारी ग्रँट रोडला उतरून जायचो. एकेक रेझिस्टर निवडून घ्यायचो, दुकानदाराला चार प्रश्न विचारायचो. ते दुकानदार कंटाळा न करता सांगायचे. तिथे मी जेवढं शिकलो तेवढं वर्गातही शिकलो नसेन.

पालकांनाही एक सांगायचं आहे. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांत एवढी भिंत कधीच नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुण अभियंत्यांनी टीफ्रॅक हा संगणक याच मुंबईत स्वतः बांधला, तो १९६० मध्ये सुरू झाला. व्हॅक्यूम ट्यूबचं ते काम होतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच. आज केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी, म्हणजे चिप बनवण्यासाठी, ७६,००० कोटींची योजना आणली आहे (ती डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली), गुजरातेत धोलेरा आणि साणंदला कारखाने उभे राहताहेत. तिथे जाणाऱ्या मुंबईच्या मुलांना मोजमाप करता आलं नाही, तर नुसती पदवी किती दिवस पुरणार?

म्हणून मुंबई विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे. प्रॅक्टिकल परीक्षेत बिघडलेला बोर्ड द्या आणि दोष शोधायला सांगा. त्याला निम्मे गुण ठेवा. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने एक वायर काढून ठेवावी आणि विद्यार्थ्याला शोधू द्यावी. विकत आणलेला प्रोजेक्ट पाच मिनिटांत उघडा पडेल. आणि लॅब रात्री आठपर्यंत उघड्या ठेवा. त्यासाठी कॉलेजांना एखादा लॅब असिस्टंट जास्त नेमावा लागेल, तेवढा खर्च फी घेणाऱ्या कॉलेजांनी करायलाच हवा. फ्यूज उडतील, एखादा प्रोब जळेल, तर जळू द्या.

कुठल्या कॉलेजाने शनिवारी दुपारी बोलावलं, तर जुने बोर्ड घेऊन मी विनामूल्य यायला तयार आहे.

– एक सर्व्हिस इंजिनीअर, भांडुप