चिमे, वाळवंट बघायचं तर उंटाच्या चालीनं बघ

सोलापूर

प्रिय चिमे,

तुझा मेसेज वाचला. जैसलमेरचं ते पॅकेज घेऊ का म्हणून विचारलंयस, एक रात्र तंबूत, संध्याकाळी कॅमल राइड, मग नाचगाणं आणि बुफे. फोनवर बोलणं अर्धवट राहतं आपलं, म्हणून लिहितेय, आणि लांबलचक लिहिणारय, चहा घेऊन बस.

ते पॅकेज घेऊ नकोस गं. जैसलमेरला जा, नक्की जा, पण दोन-तीन मुक्कामांचं उंटावरचं फिरणं घे, गावातल्या उंटवाल्यांबरोबर. सम म्हणून जागा आहे ना, शहरापासून 40 किलोमीटरवर, तिथं सीझनला संध्याकाळी नुसती जत्रा असते, जीपा वाळूवर उड्या मारतायत, तंबूंच्या रांगा, डीजे, आणि उंट बिचारे तेवढ्याच तुकड्यावर माणसं बदलून फिरतायत. त्यात फोटो मिळतो, वाळवंट मिळत नाही. आम्ही खुरी गावाच्या बाजूनं गेलो, ते जरा शांत आहे.

पहिली गोष्ट तुला आधीच सांगते म्हणजे तिथं जाऊन हिरमुसणार नाहीस. थार म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. बरीचशी जमीन खडकाळ, मुरमाड, मधेमधे काटेरी झुडपं, सेवण गवताचे ठोंब, आणि मग कुठंतरी एकदम टेकड्यांचा पट्टा येतो, तो ओलांडला की परत माळ. आपल्याकडं मोहोळच्या पुढं उन्हाळ्यात माळ दिसतो ना तसं कितीदा वाटलं मला, आणि म्हणूनच जास्त जीव लागला. आपण कोरडवाहू भागातली माणसं, चिमे. आपल्याला ते वाचता येतं. गाडीतून जाणाऱ्याला तिथं काहीच नाही असं वाटतं, उंटावरून तासाला चार-पाच किलोमीटर जाताना कळतं की किती काय काय आहे.

आता उंटाचं. बसलेल्या उंटावर चढायचं आणि तो उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे तू धाडकन पुढं जातेस, तेव्हा मागं रेलायचं आणि पलाण घट्ट धरायचं. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागंच रेलायचं. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, म्हणून झोके बसतात. कंबर सैल सोडली की जमतं. मांड्या दुखतात, खरंच दुखतात, त्यामुळं मधे मधे उतरून चालायचं, उंटवाले काका पण तेच करत होते, दोरी हातात धरून तासन् तास चालायचे.

काकांनी उंटाबद्दल जे सांगितलं ते मी ऐकतच बसले. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. पापण्यांचे केस लांब आणि दाट, वाळू उडाली की नाकपुड्या मिटून घेतो, पायाचे तळवे गादीसारखे पसरट म्हणून वाळूत रुतत नाही. आणि दिवसा त्याचं अंग आपलं आपण तापू देतो, रात्री थंड होतं, म्हणजे घाम गाळून पाणी वाया घालवत नाही. तहानलेला असला की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पितो म्हणे. दुपारी थांबलो की पलाण उतरवून पुढचे पाय दोरीनं सैलसर बांधून सोडून द्यायचे, मग ते निवांत खेजडीचा पाला ओरबाडत फिरायचे.

खेजडी म्हणजे आपली शमी गं, दसऱ्याला पुजतो ती. तिच्या सावलीत आमचा स्वयंपाक व्हायचा. तिच्याच शेंगा म्हणजे सांगरी, ती आणि केर नावाच्या काटेरी झुडपाची फळं मिळून भाजी करतात, त्याच्याबरोबर बाजरीची जाड भाकरी. भांडी वाळूनंच घासतात, पाण्याचा थेंब लागत नाही, आणि चकचकीत होतात. मी आपल्या इथनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती, ती काकांना इतकी आवडली की शेवटी डबाच देऊन आले.

पाण्याचं मात्र तुला वेगळं सांगायचंय. तिथं वर्षाला जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं त्याच्या तिप्पट पडून टँकर लागतात. आणि त्या लोकांनी शेकडो वर्षं त्याच्यावर शेती केलीय. खडीन म्हणतात त्याला. उताराच्या खालच्या अंगाला लांबलचक मातीचा बांध घालायचा, आजूबाजूच्या खडकाळ माळावरचं सगळं पाणी तिथं येऊन थांबतं, जमिनीत मुरतं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी हे केलं म्हणतात, ते कुलधरा नावाचं ओसाड गाव सगळे भुताखेतासाठी बघायला जातात ना, ते त्यांचंच. मला तर भुतापेक्षा त्या बांधाचं नवल वाटलं. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या मातीतल्या ओलीवरच येते ना, तोच हिशोब, फक्त तिथं ती ओल माणसानं अडवून धरलीय. मी बांधावर उभी राहून काकांना हे समजावत होते, माझं मोडकंतोडकं हिंदी, त्यांचं मारवाडी, पण शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळतंच.

आणि माळढोक! चिमे, तुला आठवतं का शाळेत असताना नान्नजला नेलं होतं आपल्याला, 1979 साली झालेलं अभयारण्य, माळढोकसाठी, आणि आपल्याला काळवीट दिसले पण माळढोक काही दिसला नाही. आता तर तिथं दिसणं अवघडच झालंय. तर तो मला तिथं दिसला. गोडावण म्हणतात त्याला, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. डेझर्ट नॅशनल पार्कच्या कडेला गवतात लांबवर, मान उंच करून सावकाश चालत होता, काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कुणी पुढं जायचं नाही म्हणाले, कारण मादी बहुतेक एकच अंडं घालते, ते पण उघड्या जमिनीवर, माणसं जवळ गेली की गोंधळते. हा पक्षी एवढा जड असतो की उडताना पटकन वळता येत नाही, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळं विजेच्या तारांना धडकून मरतात. आणि तिथं तर पवनचक्क्या आणि तारांचं जाळं झालंय, रात्री क्षितिजावर लाल दिवे लुकलुकत असतात. तारा जमिनीखालून न्या म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. सम जवळ आता अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र पण आहे. मला खूप वाटतं की नान्नजला परत कधीतरी माळढोक नांदावा.

उंटांचं पण तसंच होत चाललंय. 2019 च्या पशुगणनेत देशात अडीच लाख उंट राहिले होते, 2012 ला चार लाख होते. ट्रॅक्टर आले, चरायला माळ राहिले नाहीत. 2014 ला राज्यपशू केला, पुढच्या वर्षी उंटांसाठी कायदा आला, राज्याबाहेर विकायला बंधनं आली, तर काकांचं म्हणणं असं की विकताच येत नाही तर पोरं पाळतील कशाला. म्हणून तुला म्हणते, मुक्कामाची सफर घेतलीस तर पैसा उंट पाळणाऱ्याच्या घरात जातो. फक्त बुक करताना बघून घे की पलाणाखाली पाठीला जखमा नाहीत, नाकातली वेसण चिघळलेली नाही. तसं असेल तर सरळ नाही म्हण, आणि का ते पण सांग त्यांना.

रात्रीचं थोडक्यात सांगते. तंबूपेक्षा उघड्यावर झोप. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत जातो, वाळू दिवस मावळला की लगेच गार पडते, म्हणून दोन सोलापुरी चादरी घे, एक खाली एक वर, त्यावर त्यांची रजई. ध्रुवतारा आपल्यापेक्षा बराच वर दिसतो, अगस्ती खाली क्षितिजाला टेकल्यासारखा, मला हे आधी कळेचना की आकाश सरकलंय कसं, मग लक्षात आलं की आपण किती उत्तरेला आलोय. एक मांगणियार बाबा, म्हणजे तिथले पिढीजात गाणारे, कमायचा नावाचं तंतुवाद्य घेऊन आले होते, माइक नाही काही नाही, ते गाणं तुला ऐकवायचंय मला.

बायकांच्या अडचणी विचारशील, तर टेकडीआड जायचं, अंधारात बरोबर कुणीतरी आणि टॉर्च. कागद-प्लास्टिक सगळं पिशवीत परत आणायचं. सुती ओढणी डोक्याला, सैल पँट, बूट, ओठाला लावायला काहीतरी. गुडघेदुखी असेल काकूंना तर त्यांना उंटगाडीत बसवता येतं, विचारून घे. आणि पाकिस्तानची सीमा जवळ असल्यामुळं मनाला येईल तिकडं जाता येत नाही, माहितगार माणूस बरोबर हवाच.

जायचं कसं तर इथनं सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, बांद्र्याहून जोधपूरची गाडी, पुढं जैसलमेर पाच-सहा तास. तू पुण्याहून मला मुंबईत भेट, कारण मी परत येणारय, तुझ्याबरोबर. आमच्या घरच्यांना सांगून झालंय. आपली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाल्यावरचा आठवडा बघ, फेब्रुवारीनंतर ऊन चढतं. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख लगेच कळव की, मी उंटवाल्या काकांना फोन लावते.

तुझीच,
सोलापूरवाली