प्रश्न दिसतात, मत दिसत नाही

संपादक महोदय, राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार, त्यातल्या एकाने काय विचारलं ते परवा वेबसाईटवर बघत बसलो, तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न, अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, मंत्र्याचं उत्तर, सगळं मिळतं. पण विधेयकावर त्याने मत काय दिलं हे शोधायला गेलो तर बहुतेक वेळा काहीच नाही, कारण आवाजी मतदानाने, म्हणजे नुसत्या 'हो'-'नाही'च्या आवाजावर पास, मतविभाजन, म्हणजे एकेकाचं मत मोजणं, झालं तरच नावं नोंदली जातात. २० सप्टेंबर २०२० ला दोन कृषी विधेयकं अशीच पास झाली, विरोधक मतविभाजन मागत असताना! यांना आपण थेट निवडून देत नाही, आमदार देतात, मग रेकॉर्ड तरी नीट हवं ना. बाकावर बटणं आहेतच, दाबायला असा कितीसा वेळ लागतो?

– एक वाचक