कुठे थांबलात? : सांगलीच्या काकूंना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेली भिशीची वही पोहोचली. २०१९ च्या पुरात तिचे पुठ्ठे फुगले आहेत आणि काही पानांवर शाई पसरली आहे, तरी तुमचे अक्षर सगळीकडे लागते. हे पत्र पाकिटात घालून तुमच्या पत्त्यावर टाकता आले असते. पण उपकार चारचौघांत मान्य करावेत असे आईने शिकवले आहे, आणि या वहीतून मला जे मिळाले ते आणखी काही वाचकांच्या उपयोगी पडेल असे मनापासून वाटते, म्हणून ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

जून १९९४ मध्ये बँकेतल्या पहिल्या नोकरीसाठी मी सांगलीला आले आणि तुमच्या वाड्यातली माडीवरची खोली भाड्याने घेतली. वडील जाऊन चार महिने झाले होते. बँकेतून यायचे, कुकर लावायचा आणि दिवा मालवून पडायचे, एवढाच माझा दिवस होता. एका संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर उभे राहून तुम्ही तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले एक पुस्तक माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, "महिना झाला, तुझं हसणं ऐकू आलं नाही. हे वाच." लेखिका कोण, पुस्तक किती मोठे, वाचलेच पाहिजे का, यातले एक अक्षरही तुम्ही बोलला नाहीत.

ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे नाव मला ठाऊक होते, पण ते परीक्षेतल्या प्रश्नासारखे ठाऊक होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापासून ते त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेल्या ताटातुटीपर्यंत, जे सांगताना कोणाचाही गळा दाटून यावा ते ही बाई ओसरीवर बसून शेजारणीशी बोलावे तसे सांगते. मध्येच अशी काही गंमत करते की डोळ्यांत पाणी असतानाच आपण हसतो. त्या रात्री मी मोठ्याने हसले आणि खाली तुमच्या खोलीतला दिवा लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक आवडले का असे विचारले नाहीत. तुम्ही विचारलेत, "कुठे थांबलीस?"

हा प्रश्न तुमच्या भिशीचा होता, हे मला पुढच्या गुरुवारी कळले. भांड्यांची भिशी आणि साडीची भिशी मी पाहिली होती, पुस्तकांची भिशी प्रथमच पाहिली. तुम्ही सात जणी दरमहा प्रत्येकी वीस रुपये काढत होतात. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघाली की जिची चिठ्ठी तिने त्या पैशांत आपल्या आवडीचे पुस्तक आणायचे, आधी स्वतः वाचायचे आणि मग ते एकेकीकडे फिरवायचे. त्या सात जणींत शाळेतल्या बाई होत्या, दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, पोस्टातल्या वहिनी होत्या आणि मंडईत गाळा असलेल्या मावशीही होत्या. मावशींना अक्षरे जुळवायला वेळ लागे, म्हणून त्यांच्या पाळीला पुस्तक दुप्पट दिवस राहत असे आणि त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही. मी आठवी झाले.

वहीत तुम्ही पाच रकाने आखले होते: तारीख, पुस्तक, कोणी आणले, कोणाकडे आहे, आणि शेवटचा, सर्वांत रुंद, 'कुठे थांबलात?' या शेवटच्या रकान्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे. 'आवडले का' असे विचारले की माणूस देणाऱ्याचे मन राखतो, 'छान आहे' म्हणतो आणि बोलणे तिथेच संपते. 'कुठे थांबलात' असे विचारले की त्याला पान शोधावे लागते. मन भरून आले म्हणून थांबलेला आणि पुढे जाववेना म्हणून थांबलेला, दोघेही तितकेच खरे उत्तर देऊ शकतात. आपले लाडके पुस्तक दुसऱ्याच्या हातात देताना त्याला हे मोकळेपण द्यायचे असते, ही गोष्ट तुमच्याआधी मला कोणी दाखवली नव्हती. अनेक चांगले वाचक आपली आवड दुसऱ्यावर इतक्या प्रेमाने लादतात की समोरचा ते पुस्तक कायमचे टाळू लागतो.

वहीत नोव्हेंबर १९९४ च्या पानावर माझ्या नावापुढे तुमच्या अक्षरात नोंद आहे: "काजळमाया. विदूषक, तिसरे पान. पुढे जाववत नाही." 'काजळमाया' हा कथासंग्रह लिहिणारे जी. ए. कुलकर्णी तुमचे सर्वांत आवडते लेखक होते. धारवाडला त्यांच्या घरावरून दोनदा चालत गेलात आणि दार वाजवण्याचा धीर झाला नाही, हे तुम्ही एकदा सांगितले होते. अशा लेखकाचे पुस्तक मी अर्धवट परत केले, तेव्हा तुम्हाला वाईट वाटले असणार. तुम्ही फक्त म्हणालात, "राहू दे. पुस्तक कुठं पळून जात नाही, तुझी वेळ आली की घे." माझी वेळ यायला चौदा वर्षे लागली. २००८ मध्ये आईच्या आजारपणात, रुग्णालयातल्या बाकावर, मी तीच कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचली. त्या बुद्धिमान, काळोख्या संवादांपासून मी तरुणपणी का पळाले होते, हे मला तेव्हा समजले. त्या वेळी तुम्ही मला रागे भरला असता किंवा समजावत बसला असता, तर मी त्या लेखकाकडे परत गेले असते असे वाटत नाही.

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ला तुम्ही वेगळाच नियम लावला होता. १९५६ चे हे पुस्तक आपल्या मराठी महिन्यांच्या क्रमाने जाते. म्हणून ते भिशीत फिरवायचे नाही, प्रतिपदेला ओसरीवर त्या महिन्याचा लेख वाचायचा आणि पुस्तक मिटून बाहेर पडायचे, असे तुम्ही ठरवले. चैत्रात आपण आठ जणी आयर्विन पुलाच्या बाजूने कृष्णेच्या घाटाकडे निघालो होतो. वाटेत कडुनिंबाचा बारीक मोहोर अंगावर पडत होता आणि मंडईतल्या मावशी थांबून म्हणाल्या, "हा वास रोज येतोय, पण आज त्याला नाव मिळालं." त्या दिवशी शेवटच्या रकान्यात तुम्ही पानाचा क्रमांक लिहिला नाहीत. "घाटाच्या अलीकडे, लिंबाखाली" असे लिहिलेत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे ती. माझी चिठ्ठी फेब्रुवारीत निघाली. मी दया पवारांचे 'बलुतं' आणले, आणि आणल्यावर चार दिवस पिशवीतून बाहेर काढले नाही. १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलेले हे दलित आत्मकथन वडिलांच्या ट्रंकेत सर्वांत वर असायचे. आमच्या घरचे बरेच काही त्यात होते, आणि ते वाड्याच्या ओसरीवर ठेवायला माझा हात धजत नव्हता. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकच माणूस आपल्याच सुशिक्षित रूपासमोर मन मोकळे करतो, एवढेच मी त्या गुरुवारी कसेबसे सांगितले. पहिल्यांदा ते तुम्ही मागून घेतलेत. तीन आठवडे ते तुमच्याकडे होते आणि त्या तीन आठवड्यांत जिन्यावर तुमची गाठ पडली की मी नजर चुकवत होते. मग बैठकीत, सगळ्यांसमोर, तुम्ही म्हणालात, "मी पुष्कळ ठिकाणी थांबले. पण त्याआधी, हे पुस्तक येऊन सोळा वर्षं झाली, तोवर मी ते हातात का घेतलं नाही, ते मला स्वतःला विचारायचं आहे." त्यानंतर तुम्ही पदरचे पैसे घालून लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे भटक्या कैकाडी समाजातले आत्मकथन आणलेत आणि सर्वांत आधी माझ्या हातात दिलेत. काकू, त्या घरात मी भाडेकरू म्हणून राहत होते. त्या गुरुवारनंतर मला तिथे कधी परके वाटले नाही.

१९९६ मध्ये माझी बदली झाली. भिशी पुढेही अनेक वर्षे चालली, हे वहीवरून दिसते. पुराचे पाणी ओसरल्यावर कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांचा लगदा झाला होता, आणि तुम्ही उरलेल्या पुस्तकांची पाने एकेक करून पंख्याखाली सुटी करत बसला होतात, असे पोस्टातल्या वहिनींनी फोनवर सांगितले होते. मला तेव्हा येता आले नाही याची रुखरुख अजून आहे.

पुण्यात आमच्या सोसायटीत आम्ही नऊ जणींनी दोन वर्षांपूर्वी पुस्तकांची भिशी सुरू केली. वर्गणी आता दोनशे रुपये आहे. रकाने तुमचेच आहेत. या महिन्याची चिठ्ठी माझी निघाली आणि मी आशा बगे यांची 'भूमी' ही कादंबरी आणली, जिला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. माझे वाचून झाले आहे. नियमाप्रमाणे ती आता दुसरीकडे जायला हवी, म्हणून दहावी सभासद म्हणून तुमचे नाव मी वहीत घातले आहे आणि पुस्तक सोबत पाठवत आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन डोळे निवळेपर्यंत घाई करू नका, मावशींसारखे दुप्पट दिवस ठेवा. मात्र परत पाठवताना एका चिठ्ठीवर लिहून कळवा, कुठे थांबलात ते.

आपली नम्र,
माडीवरची भाडेकरू