शून्य नायट्रेटचा आग्रह कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, की प्रवाळ जगवायचे तर नायट्रेट आणि फॉस्फेट (नत्र व स्फुरद यांची पाण्यात विरघळलेली रूपे) शून्यावर आणा. या सल्ल्याचा फेरविचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

प्रवाळभित्तीभोवतीच्या पाण्यात ही द्रव्ये अत्यल्प असतात, हे खरे. परंतु तेथे प्रवाहाबरोबर येणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि माशांच्या थव्यांचे उत्सर्जन यांतून प्रवाळांना नत्र व स्फुरद अखंड मिळत राहते, आणि चाचणीत दिसतो तो केवळ उरलेला अंश. काचेच्या टाकीत हा ओघ फारच तोकडा असतो. प्रवाळाच्या पेशींत राहून प्रकाशसंश्लेषणाने त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालाचीच उपासमार झाली, की प्रवाळ फिकट पडतो, आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरण्याची भीती वाढते.

माझ्या टाकीत हेच घडले. (कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने मी झोअँथिडच, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले, फुलांसारख्या तोंडांच्या वसाहतीत वाढणारे प्रवाळवर्गीय जीवच, ठेवतो.) एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून फॉस्फेट शोषणारे माध्यम दुप्पट केले आणि निम्मी वसाहत मिटून गेली. ते काढून माशांचे खाद्य वाढवले, नायट्रेट लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास राहू दिले, तेव्हा उरलेली तोंडे हळूहळू उमलली.

नायट्रेट बेसुमार वाढणेही घातकच. म्हणून विक्रेत्यांनी ग्राहकाला शून्याऐवजी किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा सांगाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे