पेमेंट अ‍ॅपने हात ओळखावा, पण लोकलमधला हातही ओळखावा

संपादक महोदय,

पेमेंट अ‍ॅपच्या जाहिरातींत हल्ली ‘एआय सुरक्षा’ हे शब्द सर्रास दिसतात. त्यामागे काय असते आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत ते कितपत चालते, याविषयी हे पत्र.

यूपीआयमध्ये नोंदणीच्या वेळी सिमवरून एसएमएस जातो आणि खाते त्या फोनशी बांधले जाते. पुढे चार किंवा सहा आकडी पिन. अनलॉक केलेला फोन हातात आणि पिन ठाऊक असला की पैसे गेले. बोटे कुणाची, हे कुणी विचारत नाही. ते काम फोनमधले अ‍ॅक्सेलरोमीटर (वेगातला बदल आणि कल मोजणारा) आणि जायरोस्कोप (फिरणे मोजणारा) हे दोन सेन्सर करू शकतात. सेकंदाला १०० नोंदी या वेगाने दोन्ही सेन्सर दोन सेकंद वाचले, तर प्रत्येकी तीन अक्षांचे मिळून १२०० आकडे हाती येतात. फोन किती कललेला होता, टाइप करताना किती थरथरला, हे त्यांतून काढायचे. बोट काचेवर किती वेळ टेकले, ते टचस्क्रीन सांगते. हे सगळे मालकाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे. चोराच्या नोंदी आधी मिळणार कुठून? म्हणून मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, बहुधा मालकाचीच सवय शिकवतात; तिच्यात न बसणारा तो परका.

आमच्या मते याचा खरा उपयोग दुसरीकडेच आहे. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी) अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचण्या-हाताळण्याची, परवानगी मागते आणि मग सॉफ्टवेअरच स्क्रीनवर टॅप करू लागते. खरे बोट काचेवर पडले की हातातल्या फोनला क्षणभर बारीकसा झटका बसतो आणि जायरोस्कोप तो टिपतो. सॉफ्टवेअरच्या टॅपला तो झटका नसतो. सहा आकडे दाबले गेले आणि फोन तसूभर हलला नाही, तर दाल में कुछ काला है. अर्थात फोन टेबलावर किंवा रिक्षातल्या मोबाइल-स्टँडवर असेल तरी झटका नीट दिसत नाही. सपाट टेबल ओळखणे सोपे, कारण गुरुत्वाकर्षणाचे ९.८ एकाच अक्षावर येतात. स्टँडवरच्या फोनचे मात्र अवघड आहे, त्याचा निकाल एकट्या जायरोस्कोपवर सोडू नये.

गडबड होते ती इथल्या रोजच्या जगण्यात. प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून गोळा केलेल्या नोंदींवर शिकलेले मॉडेल, एका हाताने कडी धरून अंगठ्याने पिन टाकणाऱ्या प्रवाशाला परका ठरवते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत रिक्षाचा हादरा बोटाच्या झटक्याला गिळून टाकतो. वाशीच्या भाजी मार्केटात फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि हात ओले, म्हणजे स्पर्शाचे मापही बदलले. रेल्वेच्या बोगद्यात जीपीएस मिळत नाही, तेव्हा लोकेशनचा आधारही सुटतो. शिवाय स्वस्त फोनमध्ये अनेकदा जायरोस्कोपच नसतो, आणि आईच्या फोनवरून लाइटबिल मुलगाच भरतो. त्याला चोर ठरवणार का?

समजा मॉडेल शंभरात दोनदाच चुकीने अडवते. ऐकायला उत्तम, पण दिवसाला ५०,००० व्यवहार असतील तर १,००० माणसे दुकानदारासमोर ताटकळत उभी राहतील. म्हणून संशय आला की व्यवहार बंद पाडू नये, वाढीव पडताळणी मागावी: चेहरा किंवा बोटाचा ठसा. दहा-वीस रुपयांच्या चहा-वडापावला तेवढेही नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत (लागू १ एप्रिल २०२६ पासून) ठिकाण, वापराची सवय आणि फोनचे तपशील पाहून अशी जादा तपासणी करायला वाव आहे.

दुसरी अट खासगीपणाची. अँड्रॉइडवर हे दोन सेन्सर वाचायला नेहमीच्या वेगात कोणतीही परवानगी लागत नाही. सेकंदाला २०० च्या वर गेले तरच अँड्रॉइड १२ पासून ती अ‍ॅपमध्ये जाहीर करावी लागते. आणि ज्या झटक्यावरून मालक ओळखू येतो, त्याच झटक्यावरून कोणता आकडा दाबला याचाही अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवले आहे. तेव्हा कच्च्या नोंदी फोनबाहेर जाता कामा नयेत. मॉडेल फोनवरच चालावे आणि बँकेकडे फक्त ‘मालकच असण्याची शक्यता किती’ एवढे गुण जावेत.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये (पोलीस असल्याचे भासवून कॉलवर धमकावण्यात) मात्र या सगळ्याचा फारसा उपयोग नाही. तिथे घाबरलेला मालक स्वतःच्याच हाताने पैसे पाठवतो आणि सेन्सरला तो मालकच दिसतो. तिथे कामी येतो तो नवीन खात्यावर मोठी रक्कम जाताना मुद्दाम लावलेला विलंब.

बँका हे करतील तेव्हा करतील. वाचकांनी आजच सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून तिथे कोणती अ‍ॅप चालू आहेत ते पाहावे. अनोळखी नाव दिसले तर आधी ती परवानगी काढावी, मग अ‍ॅप काढून टाकावे. उलट क्रमाने गेल्यास काही अ‍ॅप स्वतःला काढूच देत नाहीत. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

आपले,
मोबाइल सुरक्षा क्षेत्रातील दोन अभियंते,
घणसोली, नवी मुंबई