छायाचित्रात न आलेल्यांची नावे

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी १६ जूनला दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोचे एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरते. एका तरुणाच्या हातांवर बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन निपचित पडला आहे आणि शेजारून त्याची बहीण आक्रोश करत धावते आहे. आफ्रिकान्स भाषेतून शिक्षण घेण्याच्या सक्तीविरुद्ध १९७६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांची आठवण जगाने मुख्यतः या एका चित्रातून जपली. त्या सकाळी हेक्टरच्याही आधी पंधरा वर्षांच्या हेस्टिंग्ज एनडलोवूला गोळी लागली, असे मानले जाते. परंतु तिथे हे छायाचित्र टिपणाऱ्या सॅम न्झिमा यांचा कॅमेरा नव्हता आणि म्हणून त्याचे नाव आपल्यापर्यंत फारसे पोचलेच नाही.

चित्रपटाचेही थोडेफार असेच असते. मेक्सिको सिटीत २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिकला दहा दिवस उरले असताना, त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला. त्यावर दोन दशकांनी निघालेला चित्रपट जवळपास संपूर्णपणे चौकालगतच्या एका सदनिकेत घडतो आणि बाहेरचा संहार प्रेक्षकाला दिसण्याऐवजी ऐकू येतो. सेन्सॉरने त्यातील लष्करासंबंधीचे भाग कापले, तरीही सरकारी मौन मोडण्याचे मोठे काम त्याने केले. पण चित्रपटाच्या कथेला एक कुटुंब पुरते आणि चौकात पडलेले बाकीचे गर्दीच राहतात. ही उणीव १९९३ मध्ये त्याच चौकात उभारलेल्या शिळेने काही अंशी भरून काढली. तिच्यावर वीस मृतांची नावे वयांसह कोरलेली आहेत आणि खाली, ज्यांची नावे व वये अद्याप समजलेली नाहीत अशा इतर अनेक साथींचा उल्लेख आहे. माहिती अपुरी आहे हे दगडावर कोरून मान्य करणारी स्मारके विरळाच. आपल्याकडे उद्घाटकाचे नाव तेवढे ठळक अक्षरांत असते.

हे सगळे लिहिण्याचे कारण नागपुरातच आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, त्यांच्या निषेधार्थ नागपूर पेटले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शहरातील इंदोरा वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यांतला अविनाश डोंगरे तर शाळकरी वयाचा होता. इंदोऱ्यात नामांतर शहीद स्मारक आहे आणि वस्तीतील लोक तिथे निष्ठेने अभिवादन करतात. मात्र त्या वस्तीबाहेरच्या किती नागपूरकर विद्यार्थ्यांना यातले एक तरी नाव सांगता येईल, याची मला शंका आहे. इथे जगभर फिरेल असे छायाचित्र नाही, घरोघरी पोचलेला चित्रपटही नाही. तेव्हा सगळा भार स्मारकावरच येतो.

म्हणून महापालिका आणि विद्यापीठाचा इतिहास विभाग यांना माझी विनंती आहे की, प्रत्येक शहीद कोण होता, काय शिकत किंवा काम करत होता आणि नेमका कुठे पडला, एवढी माहिती तरी कुटुंबीयांच्या संमतीने स्मारकाजवळ वाचायला मिळावी. तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज पासष्टीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या साक्षी ध्वनिमुद्रित करणे लांबणीवर टाकता येणार नाही. उद्या कोणी यावर चित्रपट काढलाच, तर त्यालाही या साक्षींचा आधार मिळेल. आपल्या दैनिकाने ऑगस्ट १९७८ च्या अंकांच्या फायली अभ्यासकांना खुल्या केल्यास या कामाला आपल्याच कचेरीतून सुरुवात होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर