मारकुट्या कोंबडीची चोच छाटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्याकडे एखादी मारकुटी निघाली की आजूबाजूचे दोनच सल्ले देतात : चोच छाटा, नाहीतर कापून टाका. या दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. माझं निम्मं आयुष्य कोंबड्यांच्या मागे गेलं आहे, आणि सुरी हातात घेण्याआधी करून बघण्यासारखं पुष्कळ असतं, हे मी खात्रीने सांगते.

कोंबड्यांत मोठी-धाकटी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोण येणार, वरच्या दांडीवर कोण बसणार, हे टोची मारून ठरतं. एकदा ठरलं की वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या संशोधकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ मध्ये ही उतरंड शास्त्रीय लेखात मांडली. म्हणून डोक्यावर एखादी टोच बसली की लगेच मध्ये पडू नये. रक्त आलं, किंवा एखादी दिवसभर कोपऱ्यात दडून दाण्यालाच येईना, तर मात्र थांबू नये.

अशा वेळी सगळे मार खाणारीला उचलून वेगळं ठेवतात. त्यामागची माया मला कळते, पण भांडण त्याने मिटत नाही. ती परत येते तेव्हा कळपाला परकी झालेली असते आणि तिला आणखीच मार बसतो. बाजूला काढायचं ते मारणारीला. माझ्याकडच्या तांबडीने काबरीचा तुरा फोडला, तेव्हा मी तांबडीला उचललं आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला, बाकीच्या दिसणार नाहीत अशा पिंजऱ्यात ठेवलं. दाणापाणी, सावली, सगळं नीट दिलं, कारण ही शिक्षा नव्हे. आठवडाभरात इकडे उरलेल्यांनी आपली नवी उतरंड लावून घेतली. तांबडी परतली ती नवखी म्हणून. दोघीतिघींनी तिला टोचून तिची जागा दाखवली आणि काबरी पुन्हा बिनघोर दाणे टिपू लागली. त्या दिवशी दाणा आणि पाणी मी दोन-तीन ठिकाणी मांडलं होतं, मध्ये एक आडवी फळी उभी केली होती. समोरून नजर हटली की पाठलागही लवकर सुटतो.

काबरीच्या जखमेवर जांभळं जंतुनाशक लावलं होतं. लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचत सुटतात, जांभळ्याखाली तो लाल रंग झाकला जातो. जखम मोठी असेल तर ती भरेपर्यंत जखमी कोंबडीला जाळीआड ठेवावं, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पाठीची पिसं उपटणं आणि शेपटीखाली टोचणं हा निराळा प्रकार आहे. तिथे मोठी-धाकटी ठरवायची नसते, काहीतरी बिनसलेलं असतं. बहुतेकदा दाटी. खुराड्यात प्रत्येकीला निदान ४ चौरस फूट आणि बाहेर ८ ते १० चौरस फूट जागा हवी. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे १६ टक्के प्रथिनं लागतात. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनतं, म्हणून पिसं झडून नवी येताना नुसत्या धान्यावर ठेवलेली कोंबडी दुसरीची पिसं उपटून खाते. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटीही बघा. रक्त पिणारे बारीक किडे अंधारातच बाहेर पडतात आणि कोंबड्यांना झोपू देत नाहीत.

आणि एरवी गरीब असलेली कोंबडी अचानक अंग फुगवून हातावर चोच मारू लागली, तर तिला मारकुटी ठरवू नका. ती खुडूक झालेली असते, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहत असते. फलित अंडी खाली ठेवून तिला २१ दिवस बसू द्या. पिल्लं नको असतील तर जाळीचा तळ असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खुडूक मोडते.

चोच छाटण्याबद्दल मला फार तळमळून लिहावंसं वाटतं. चोचीचं टोक म्हणजे वाढलेलं नख नव्हे. त्यात नसा असतात, त्या टोकाने कोंबडी दाणा चाचपते, पिसं साफ करते, अंगावरच्या उवा टिपते. ते कापलं की वेदना होतात, आणि त्या बरेच दिवस टिकू शकतात. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांनी ही छाटणी बंद केली आहे. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये हे होत असतं म्हणून परसातल्या सहा कोंबड्यांवर ते करायला हात धजावतोच कसा?

एवढं सगळं करूनही एखादी कोंबडी पुन्हा पुन्हा रक्त काढत राहिली, तर ती त्या कळपात राहू शकत नाही, हे मला मान्य आहे. तिच्याहून थोराड कोंबड्या असलेल्या कळपात तिला द्यावं. तिथे बऱ्याचदा ती मुकाट राहते.

आपल्या दैनिकात कोंबड्यांवर लिहून येतं ते रोग, लस आणि अंड्यांच्या हिशेबाबद्दल. त्यांच्या स्वभावाबद्दलही पशुवैद्यांकडून लिहवून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक